फॅमिली फोटोत हात कोण जोडतं?

...नाही, मला एक सांगा, ज्या माणसाने मी पदवी घेऊन आले तेव्हा सुद्धा "काढ की मोबाईलात एक" म्हणून फोटोचा विषय संपवला, तो माणूस, म्हणजे आमचे बाबा, आप्पासाहेब, एके सकाळी अर्ध्या गालाला साबण ठेवून म्हणतात, "पुनम, आज समदे मिळून बीचवर जाऊन फॅमिली फोटो काढू!" बीचवर! अहो, आम्ही नांदेडकडचे, लोह्याजवळच्या खेड्यातले! आमच्याकडे कुठला समुद्र? तर बीच म्हणजे विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी ओसरलं की वाळूचा पट्टा उघडा पडतो ना, तो. तिथे सूर्य पाण्यात बुडताना लई भारी दिसतो म्हणे. हे बाबांना कोणी सांगितलं? आजवर सूर्य बुडाला की गोठ्यातला बल्ब लावायचा, एवढाच त्यांचा आणि सूर्याचा संबंध! आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही तर काय येणार?

मी दचकलेच. मी तशीही दचकते... फोडणीला दचकते, स्वतःच्या मोबाईलला दचकते. पण हे दचकणं वेगळं होतं. कारण तुम्हाला सांगते, पुण्याच्या एका लॅबमधून मला नोकरीचं पत्र आलंय, एक तारखेला हजर व्हायचं, आणि बाबा पंधरा दिवस हो म्हणेनात, नाही म्हणेनात. नुसतं "बघू की." आणि तेवढ्यात आई कपाटातून इरकल काढून माझ्या अंगावर टाकते. "नेस."

"फोटोला ड्रेस चालत नाही?"

"न्हाई. साडीच. अन् केस नीट बांध." हे सगळं माझ्याकडे न बघता, खिडकीशी बोलल्यासारखं! मी ओळखलं. स्थळ! घरी बोलावलं तर पोरगी रडून गोंधळ घालेल, म्हणून नदीवर नेऊन परस्पर दाखवायची!

पोचलो. आई, बाबा, मी, माझे दोन धाकटे भाऊ. समोर लोह्याचा बिलाल कॅमेरा लावून उभा, आमच्या भावकीतल्या सगळ्या लग्नांचे फोटो त्याच्याच हातचे, आणि त्याच्या शेजारी एक अनोळखी माणूस. तिशीतला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत फाईल! बाबा म्हणाले, "हे विरूपाक्षराव. औशाचे. आपलेच समजायचे." आपलेच?! फॅमिली फोटोला फाईल घेऊन कोण येतं? संशय येणार नाही तर काय येणार?

तो फाईल उघडून मलाच विचारायला लागला. "मॅडम, शिक्षण?"

"बी.एस्सी."

"वय एकवीसच्या वर ना? आधारवर नाव हेच? वडलांचंच लावता ना अजून?" अजून म्हणजे? "पोलीस केस वगैरे?"

माझ्यावर?! मी डासाला मारताना डोळे मिटते!

"बरं, घरी शौचालय आहे ना? तुम्ही स्वतः वापरता ना?"

अहो, शेतजमीन विचारतात, रक्तगट विचारतात, पण हे...? मी आईकडे बघितलं, तर आई म्हणते, "सांग की माय, लाजती कशाला!" मी म्हटलं, "हो. रोज." त्याने ते लिहून घेतलं!

तिथेच मी ठरवलं, असा फोटो द्यायचा की या माणसाने आपणहून नाही म्हटलं पाहिजे. बिलाल ओरडून राहिला, "पुनमबाजी, इधर देखो, थोडं हसा... अरे सूरज चालला, सूरज चालला!" आणि तो फाईलवाला म्हणतो, "सगळ्यांनी हात जोडा." हात?! फॅमिली फोटोत हात कोण जोडतं? पण बाबांनी जोडले, आईने जोडले, भावांनी खिदळत जोडले. मीही जोडले, आणि एक डोळा बारीक केला, दात-ओठ खाल्ले, नाकपुड्या फुगवल्या. खटॅक! आणि विरूपाक्षराव काय म्हणावेत? "हाच! हाच पाहिजे!" म्हणजे याला अशी सुद्धा चालते! संशय येणार नाही तर...

चार रात्री झोप नाही. पाचव्या दिवशी पुण्यासाठी गुपचूप बॅग घ्यायला नांदेडला गेले, परत येऊन आमच्या फाट्यावर एस.टी.तून उतरले, आणि समोर मी! बारा फूट! एक डोळा बारीक, नाकपुड्या फुगलेल्या, मागे तो बुडता सूर्य आणि त्याच्यावर लिहिलंय 'नवी पहाट'! खाली : 'उच्चशिक्षित, धाडसी, करारी नेतृत्व, सरपंचपदाच्या उमेदवार पुनमताई.' धाडसी पुनमताई दचकून मागे सरकल्या त्या थेट एका शेळीवर पडल्या.

घरी जाऊन किंचाळले. बाबा शांत. "अगं, सरपंचाची जागा महिलेला सुटलीय. आम्हाला दोनाच्या वर, तीन लेकरं, म्हणून तुझी आई बी कायद्यात बसत न्हाई. घरात कायद्यात बसणारी तू एकलीच."

"मला आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर दचकली असतीस!"

"मग ते स्थळ?"

"कसलं स्थळ? विरूपाक्षराव इलेक्शनचे फॉर्म भरून देतात! लग्नाचं नावच काढू नको! लगीन झालं, नाव दुसऱ्या गावच्या यादीत गेलं, मग? आलेली दोन स्थळं मीच परत धाडली."

"आणि पुणं?"

"पाच वर्सानं जा की!"

मी बॅग आपटली, तर आई हळूच म्हणाली, "फॉर्मवर सही कर माय. धाकटा व्हायच्या आधी तुझे बाबा एकदा उभं राहिले होते, चार मतानं पडले. त्या चौघांची नावं अजून झोपेत घेतात." बाबा चपलेचा अंगठा बघत बसले. इतका मोठा माणूस, आणि चपलेचा अंगठा! केली सही. काय करता?

लगेच ओसरीवर टपून बसलेल्या विरूपाक्षरावांनी फाईल पुढे सरकवली. "मॅडम, चिन्ह कोणतं मागू? रोडरोलर, शिलाई मशीन, कपबशी..."

म्हटलं, लिहा कपबशी. पाहुण्यांसमोर ती घेऊन जायला लागू नये म्हणून नदीवर एवढं तोंड वेडंवाकडं केलं, आता तीच घेऊन अख्ख्या गावात दारोदार फिरायचंय!