सोमवारपर्यंत

(गुरुवारची दुपार. बॉस्टनजवळच्या एका मनोरुग्णालयातली भेटीची खोली. टेबलावर सिरान बेदोयानचा फोन, समोर तिचा धाकटा भाऊ हागोप.)

हागोप : असं तोंड करून बसू नकोस गं. फोन माझ्याबद्दल येणार आहे आणि फासावर तू चढणार असल्यासारखी दिसतेस.

सिरान : तू खा. चोरेग आज सकाळचे आहेत, आई हे गोड पाव आणायची त्याच बेकरीतले. आणि फोन आला की मध्ये तोंड घालायचं नाही.

हागोप : वा! पेशंट मी, आणि मीच गप्प?

सिरान : हो, तूच. काल तुझ्या डॉक्टरांनी विमा कंपनीकडे तुझे इथले दिवस वाढवून मागितले, कंपनी नाही म्हणाली. हे शेवटचं अपील. नातेवाइकाचं ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं, तर आज संध्याकाळी तुला इथून काढतील.

हागोप : म्हणजे आईच्या घरी.

सिरान : आईच्या रिकाम्या घरी. बऱ्या होणाऱ्या रुग्णांच्या वसतिगृहातली खोली सोमवारी मिळतेय. मधले चार दिवस तू तिथे एकट्यानं काढायचे नाहीस. मागच्या वेळी काय झालं ते मला पुन्हा बघायचं नाहीये. माझ्याकडे चल म्हटलं तर—

हागोप : तुझ्याकडे नको. मी गोळी घेतली की तू घड्याळ बघतेस. मी हसलो तरी बघतेस, नाही हसलो तरी बघतेस. घास उतरत नाही माझ्या घशाखाली.

सिरान : बरं बाबा, राहिलं.

हागोप : पण तू का एवढी घाबरलीयेस? तीस वर्षं हाच तर धंदा तुझा. विमा कंपन्यांनी वेड्यांना कधी ठेवायचं, कधी हाकलायचं...

सिरान : ते कंपन्या ठरवतात. त्यानं माणसांचं काय होतं, ते मी अभ्यासते.

हागोप : तेच ते. आई चर्चमध्ये सगळ्यांना सांगायची, माझी सिरान सरकारला सल्ला देते. माझं कोणी विचारलं की म्हणायची, हागोपला जरा बरं नाहीये. वर्षानुवर्षं आपलं 'जरा'!

सिरान : वाजला. आता गप्प. अगदी गप्प.

पेलटिए : नमस्कार. मी डॉक्टर पेलटिए, विमा कंपनीच्या अपील विभागातून. संभाषण रेकॉर्ड होतंय. हागोप बेदोयान यांच्या वतीनं कोण बोलतंय?

सिरान : त्याची मोठी बहीण. सिरान बेदोयान. फोन स्पीकरवर आहे, हागोप शेजारीच बसलाय.

पेलटिए : सिरान बेदोयान... माफ करा, विद्यापीठातल्या त्या तुम्हीच का? आम्हाला शिकताना तुमचा शोधनिबंध होता. कंपन्यांनी दिवस कमी केले, तेव्हापासून दाखल होणारे रुग्ण दरवर्षी जास्त गंभीर होत गेले, तो.

सिरान : हो, तोच.

पेलटिए : आमच्या इथे नव्या माणसांना तो अजून वाचायला देतात.

हागोप : बघ, केवढं नाव आहे तुझं!

सिरान : हागोप! ...विचारा, डॉक्टर.

पेलटिए : झोप कशी आहे?

सिरान : दोन रात्री शांत झोपलाय.

पेलटिए : जेवण, औषधं?

सिरान : दोन्ही नीट घेतोय.

पेलटिए : स्वतःला इजा करण्याचे विचार?

सिरान : आला तेव्हा होते. आता नाहीत.

पेलटिए : पुन्हा विचारतो. विचार आहेत?

सिरान : नाहीत म्हटलं ना.

पेलटिए : डॉक्टर बेदोयान, सावकाश उत्तर द्या. घाई नाही.

सिरान : सावकाश दिलं म्हणून उत्तर बदलणार आहे का?

पेलटिए : मी एवढंच सांगू शकतो, की या प्रश्नाला बहुतेक नातेवाईक हो म्हणतात.

सिरान : बहुतेक?

पेलटिए : जवळजवळ सगळेच. दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा. नवीन डॉक्टर आला की जुने त्याला आधी हेच शिकवतात. नाही म्हटलं की माणूस बरा झाला, घरी जाऊ दे, असा आमचा नियम आहे.

सिरान : आणि तुम्ही ते 'हो' लिहून घेता.

पेलटिए : सांगितलं ते लिहायचं असतं.

सिरान : हे कधीपासून चाललंय?

पेलटिए : मी लागलो त्याच्या आधीपासून.

सिरान : आणि याच नोंदी, नावं काढून, तुम्ही आम्हाला पाठवता. अभ्यासाला.

पेलटिए : विद्यापीठांना? हो, दरवर्षी.

सिरान : अरे देवा.

हागोप : काय झालं? अशी पांढरी का पडलीस? पाणी देऊ?

सिरान : रुग्ण गंभीर होत नव्हते, हागोप. लोक शहाणे होत होते. मी ज्याला आजार समजून मोजत बसले, त्या सगळ्या बहिणी होत्या. बहिणी, आया, नवरे. माणूस आत राहावा म्हणून 'हो' म्हणणारे.

पेलटिए : डॉक्टर, मला आता उत्तर नोंदवावं लागेल.

सिरान : माझं ऐकून तरी घ्या. तो बरा होतोय, म्हणूनच त्याला ठेवा. परवा तो हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसला. एवढ्यात त्याला त्या घरात एकटं सोडलं तर सगळं मातीत जाईल. सोमवारी त्याला खोली मिळतेय, मी तुमच्याकडे जन्मभराचं मागत नाहीये.

पेलटिए : कळतंय मला. खरंच कळतंय. पण हसण्याला इथे जागा नाही. हो किंवा नाही, एवढंच आहे.

सिरान : माहितीये. मीही तेवढंच वाचत आले.

पेलटिए : मग? काय लिहू?

सिरान : ...मी आजवर एक आकडा खोटा लिहिला नाही हो. आणि आता याच्या तोंडावर, याच्याच बाबतीत...

हागोप : सरक जरा. साहेब, मी हागोप. प्रश्न माझ्याबद्दल आहे ना? मग मलाच विचारा.

सिरान : हागोप, नको.

पेलटिए : विचार आहेत, हागोप?

हागोप : आहेत. लिहा.

सिरान : अरे, 'आहेत' म्हटलंस तर इथले लोक—

हागोप : ठाऊक आहे मला. तुझ्यापेक्षा जास्त राहिलोय मी इथे. साहेब, त्या घरात आईची चप्पल अजून दाराशी आहे. मला तिथे पाठवू नका. बास, एवढंच.

पेलटिए : पुरे आहे. सोमवारपर्यंत मंजूर करतोय. आणि हागोप, तिथल्या नर्सला आत्ताच सांगा, कोणीतरी जवळ बसेल. हे मी कागदासाठी म्हणत नाहीये. ठेवतो.

हागोप : ठेवला. भला माणूस आहे बिचारा. आवाज दमलेला होता.

सिरान : खरं होतं?

हागोप : कोण विचारतंय, प्रोफेसरीणबाई का?

सिरान : मी विचारतेय. थट्टा नको, हागोप.

हागोप : मग ऐक. आत्ता नाहीत विचार. त्या घरी गेलो असतो तर आले असते का, ते मला माहीत नाही. शपथेवर माहीत नाही. पण 'माहीत नाही' म्हटलं असतं तर त्यानं कुठे लिहिलं असतं?

सिरान : कुठेच नाही. आता बुटाच्या नाड्या काढून घेतील तुझ्या. संडासात गेलास तरी दार उघडं. खालच्या बागेत जायला मिळत होतं, तेही बंद.

हागोप : जाऊ दे गं. बर्फ पडलाय, बागेत आहे काय!

सिरान : मी म्हणायला हवं होतं ते. थोरली मी आहे.

हागोप : तुला जमलं नसतं. लहानपणी काच फुटली तरी तू स्वतः जाऊन सांगायचीस आणि मार मात्र दोघांना.

सिरान : आता काय करू मी, सांग. हे लिहिलं नाही तर तीस वर्षांचं काम खोटं, आणि ते मला माहीत असून शिकवत राहायचं. लिहिलं, तर कंपन्या उद्यापासून कोणाचंच 'हो' मानणार नाहीत. पुढच्या बहिणीनं काय करायचं?

हागोप : ते तू मला विचारतेस?

सिरान : मग कोणाला विचारू? सबंध विद्यापीठात एक माणूस नाही मला हे विचारायला.

हागोप : तर मग आज काही ठरवू नकोस. आज मी आत आहे, तू इथे आहेस, बास झालं. ...अगं, रडतेस काय? सिरान! इकडे बघ.

सिरान : रडू दे मला दोन मिनिटं. आई गेली तेव्हाही मी रडले नव्हते.

हागोप : रड ना, कोण नको म्हणतंय. पण हळू रड. इथे रडलेलं लिहून घेतात.