खिडकीचं निमित्त

विनिपेगच्या त्या ऑफिसात थंडी-उष्मा तपासायला आलेली ऑड्री जेवणाच्या सुट्टीत मायक्रोवेव्हच्या रांगेत उभी होती. मागे दोघीजणी हळू आवाजात बोलत होत्या.

"डार्लीन, सकाळभर तुझ्या टेबलावर ते मोजायचं यंत्र होतं. काय निघालं?"

"तेवीस अंश. वाराही लागत नाही म्हणे."

"आपल्या ओळीत सगळ्यांनी तपासणीच्या फॉर्मवर 'ठीक' लिहिलंय. 'फार थंडी' लिहिणारी तू एकटीच."

"मला वाटलं होतं, खिडकीलाच फट असेल."

"फट बुजवून अंगावर मांस चढतं होय गं? दोन स्वेटर घालतेस, वर मांडीवर ब्लँकेट. परवा अंगठी बोटातून गळून पडली, मीच शोधून दिली."

"नेटी, हळू बोल."

"डॉक्टरकडे कधी जाणार?"

"खिडकीचं एकदा ठरलं की जाणार होते."

"मग ठरलं की."

मग कुणीतरी ऑड्रीच्या खांद्याला हात लावला. बोटं गारठलेली होती.

"बाई, उद्या सकाळी परत एकदा मोजाल का?"

"मोजेन," ऑड्री म्हणाली. "पण त्यासाठी तुम्ही खुर्चीत असायची गरज नाही. सकाळी दवाखान्यात जाऊन या."