वाल्मीक यांच्या दोन शेळ्यांबाबत

जबाब, दि. १२/०९/२०२५

मी गौतमी चंद्रकांत ओव्हाळ, वय ३८ वर्षे, धंदा नोकरी (मानसिक आरोग्य संस्थेत कार्यकर्ती), रा. माण, ता. मुळशी, जि. पुणे. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

नेरे येथील वाल्मीक गेणू जाधव, वय ४९, यांना स्किझोफ्रेनिया आहे. सहा वर्षांपासून मी त्यांच्याकडे जाते. त्यांच्या चार खोल्यांचे भाडे बँकेत जमा होते. ते पैसे नातेवाईक मागून नेत. म्हणून तीन वर्षांपूर्वी ते स्वतःच मला म्हणाले, "ताई, मला कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई. पासबुक तुमीच ठेवा." तशी लेखी संमती आहे. दर सोमवारी मी त्यांना खर्चाचे पैसे आणि आठवड्याच्या गोळ्या देत असे.

दि. ७ जुलै रोजी त्यांनी दोन शेळ्यांसाठी बावीस हजार मागितले. रिहे येथील तुकाबाईंशी त्यांचे बोलणे झाले होते. आजारापूर्वी ते शेळ्या राखत. खात्यात रक्कम होती. संस्थेत विचारून सांगते, असे मी म्हणाले. असे तीन सोमवार गेले. चौथ्या सोमवारी कळले की, तुकाबाईंनी शेळ्या दुसऱ्याला विकल्या.

दि. २५ ऑगस्ट रोजी मला त्यांच्या खाटेखाली चार आठवड्यांच्या गोळ्या तशाच दिसल्या. विचारले असता ते म्हणाले, "पैशे माजे, तरी तुमी दिलं न्हाईत. गोळीत काय घालताय, मला काय म्हाईत?"

त्यानंतर त्यांनी दार उघडले नाही. दि. ८ सप्टेंबर रोजी, मी त्यांचे पैसे खाल्ले, अशी तक्रार त्यांनी दिली.

आज हवालदारांनी आम्हा दोघांसमोर पासबुक आणि पावत्या तपासल्या. एका रुपयाचाही फरक निघाला नाही. तसे सांगितल्यावर वाल्मीक म्हणाले, "पैशे हायेत. शेळ्या गेल्या."

पासबुक व कार्ड मी त्यांच्या ताब्यात दिले. सोबत गोळ्यांची पुडी ठेवली. पासबुक, कार्ड घेऊन ते गेले. पुडी टेबलावरच आहे.

पैसे देण्यास उशीर का केला, असे विचारल्यावरून सांगते की, त्यांना शेळ्या सांभाळता येणार नाहीत, असे मला वाटले. मी त्यांना तसे एकदाही विचारले नाही. हे जबाबात घ्यावे, ही विनंती.

माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो आहे.