समासातली नोंद

अध्यक्षस्थानी असलेले आपले आदरणीय संचालक, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती काका, पहिल्या रांगेतल्या काकू, आणि हातातली कामं अर्धवट टाकून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

या सभागृहातला यंदाचा हा चौथा निरोप. खरं सांगू? थकवा येतो. माणसं जातात, खुर्च्या रिकाम्या राहतात. आणि निरोपाची भाषणं करायला दर वेळी मलाच उभं करतात!

काकांनी एकतीस वर्षं तलावाच्या पाण्याचं तापमान मोजलं. रोज सकाळी सात वाजता. आकडा लिहायचे आणि शेजारच्या समासात बारीक अक्षरात काहीतरी खरडायचे. आम्ही चिडवायचो, "काका, समासात कादंबरी लिहिताय का?" ते म्हणायचे, "आकडा मुका असतो हो मॅडम. त्याच्या वतीने कुणीतरी बोलायला नको?"

पाहुण्यांनी मघाशी संशोधनातली माहिती कशी जपावी, कशी वाटावी यावर छान विवेचन केलं. मूळ नोंद खोडू नये, प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात, उपकरण कोणतं, एकक कोणतं ते लिहावं, मागणाऱ्याला मोकळ्या मनाने द्यावं. मी मान डोलावत होते. पण यातलं मी स्वतः काय केलं?

नऊ वर्षांपूर्वी काकांच्या चौदा वह्या मी संगणकावर चढवल्या. फक्त आकडे. समासावर कोण वेळ घालवणार? त्यातून मी निबंध लिहिला: तलाव एका वर्षात अर्ध्या अंशाने तापला. टाळ्या मिळाल्या, बढतीही मिळाली.

मग दुसऱ्या संस्थेतल्या एका संशोधक बाईंनी आकडे मागितले. दोन वर्षं मी टोलवाटोलवी केली. फाइल सापडत नाही, परीक्षा चालू आहेत, बघते, कळवते. शेवटी नाइलाजाने पाठवले. आठव्या दिवशी त्यांचं उत्तर आलं: "ही वाढ एका दिवसात झालेली दिसते. त्या दिवशी काय झालं होतं?"

निबंध मागे घ्यावा लागला. बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "उपकरणात दोष असावा." एवढंच. उपकरण कुणाच्या ताब्यात होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकांच्या गोपनीय अहवालात 'निष्काळजी' असा शेरा पडला आणि त्यांची बढती कायमची राहून गेली.

बैठक झाली त्याच संध्याकाळी मी त्या दिवसाची वही काढली. समासात लिहिलं होतं: 'आजपासून नवा तापमापक. आधी दहा दिवस जुना-नवा शेजारी शेजारी बुडवून पाहिले. नवा अर्धा अंश जास्त दाखवतो. वजा करून घ्यावे.' खाली सही.

मी वही मिटली. सहा वर्षं गप्प बसले.

काकांना माहीत होतं. ते एकदाच बोलले, तेही जिन्यात, उतरता उतरता: "मॅडम, आकडे नेलेत, समास राहिला बरं का." मी म्हटलं, "हो काका." ते म्हणाले, "सावकाश न्या." त्या "सावकाश"नं किती झोपा उडाल्या, मलाच ठाऊक.

काकू, यांनी घरी काय सांगितलं असेल, मला माहीत नाही. सांगितलं नसेल, तर आज ऐका. चूक तुमच्या माणसाची नव्हती. माझी होती.

गेल्या महिन्यात सगळ्या वह्या पानापानाने, समासासकट, सर्वांना पाहता येतील अशा ठेवल्या आहेत. आकडे गोळा करणारे म्हणून वर काकांचं नाव आहे. शेरा रद्द व्हावा म्हणून माझ्या सहीचं कबुलीपत्र सकाळीच अध्यक्षांना दिलंय. ते अजून बोललेले नाहीत. त्यांनी काय करावं, हे मी इथून सांगणं बरं दिसणार नाही. पण काकांच्या नोकरीचे अजून दोन तास शिल्लक आहेत, सर.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना मानपानात काही कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घाला. ती एक चूक मात्र घालू नका. ती नोंदवा. तारखेसह, माझ्या नावासह.