चैतात सोडलेला धबधबा

मी दरेकशाचा. माझा बाप इथलाच, त्याचा बाप छत्तीसगडाकडून धान कापायले आला अन् परत जायची गाडी चुकली म्हणून राहून गेला, असं घरात सांगतात, खरं-खोटं त्यालेच माहीत. म्हणजे चुकीतूनच आमचं घराणं निघालं, मग मी कायले मागं राहीन. नाव दसरू. दसऱ्याले जन्मलो म्हणून दसरू, शनिवारी जन्मलो असतो तं शनिचऱ्या ठेवलं असतं, आमच्या घरी नावासाठी कोणी डोकं चालवत नाई. जमीन स्वतःची नाई, धानाच्या दोन बांध्या बटईनं करतो, धान निघालं की मग उन्हाळाभर बांबू तोडा, मोहफूल वेचा, तेंदूपत्ता तोडा, असं चालून राहिलं.

देश स्वतंत्र झाला तेव्हा मले मिसरूड फुटून राहिली होती. टेसनवर झेंडा लागला, लाडू वाटले, मी दोनदा रांगेत लागलो, दुसऱ्यांदा लाडू नाई, एक चापट भेटली. त्याच्यानंतर दोन-चार वर्षांत गोंदियाची माणसं इकडं फिरायले येऊ लागली. आमाले समजेच ना, हे लोक काम नसताना जंगलात कायले येतात. वखारवाले यायचे, शाळेचे मास्तर यायचे, सकाळच्या पॅसेंजरनं उतरायचे अन् विचारायचे, क्यों भैया, झरना किधर है? मी दाखवू लागलो. धबधबा दाखवायचा, कचारगडची गुफा दाखवायची, गुफेत गोंडांचे देव आहेत म्हणून जोडे बाहेर काढायले लावायचे, बोगद्यापाशी उभं करून गाडी आत कशी शिरते ते दाखवायचं, संध्याकाळच्या गाडीत बसवून द्यायचं. कोणी धोतर द्यायचं, कोणी बिडीचा कट्टा. चारोळी कशी खायची हे दाखवलं की माणसं अशी खूश व्हायची जशी मीच झाडाले लावली.

आता तुमी उतरल्या-उतरल्या झरना विचारला म्हणून एका साहेबाचं सांगतो. लग्नाले माझ्या दोन वर्षं झाली होती. बांधकामाचे एक साहेब आले, त्यांची बॅग मी टेसनवर उचलली. साहेब म्हणाले, सरकारले या भागात एक बंगला बांधायचा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याले मुक्कामासाठी, एक तं इथं नाई तं पलीकडच्या गावाले, धबधबा आहे म्हणून तुमच्या गावाचं नाव वर आहे. मी म्हटलं, मग बंगल्याले चौकीदार लागन. म्हणाले, लागेल ना, इथलाच माणूस घेऊ, तुझ्यासारखा. काय सांगू तुमाले, त्याच टायमाले माझ्या अंगावर खाकी कपडे आले. मग साहेबानं विचारलं, धबधब्याला पाणी किती महिने असतं? मी म्हटलं, बाराही महिने जी. साहेब म्हणाले, चैत्रात पुन्हा येतो, बायकोलाही आणतो, तेव्हा पाहू.

चैतात तिथं काय असते? खडक असते. उभा काळा खडक, त्याच्यावरून करंगळीएवढी धार, ती बी खाली पोचेपर्यंत दम सोडते.

घरी सांगतलं तं बायको म्हणे, जा अन् खरं सांगून ये. मी म्हटलं, तुले चौकीदाराची बायको नाई का व्हायचं? ती म्हणे, मले खोटारड्याची नाई व्हायचं, पण झालीच आहे.

चैतात टेसनवर निरोप आला, साहेब तीन दिवसांनी येतात, अन् मले मामाजी आठवले. मामाजी म्हणजे माझे सासरे. मासोळी धरायचा बांध घालणं हे त्यांच्याकडून शिकावं. उन्हाळ्यात नाल्याले आम्ही माती-पाल्याचा आडवा बांध घालतो, वर पाणी साठते, बांधाच्या खालचे डबके उपसून कोरडे करायचे अन् चिखलातल्या मासोळ्या वेचायच्या, हे आमच्याकडं पिढ्यानपिढ्या होऊन राहिलं. मी मामाजीले म्हटलं, बांध धबधब्याच्या माथ्याच्या जरा वर, नाल्यात घाला, दोन दिवस पाणी साठू द्या, तिसऱ्या दिवशी दुपारी मी खालून डबा वाजवीन, डबा ऐकला की बांध फोडा. कायले फोडायचा हे नाई सांगतलं. जावई आहो मी, जावयानं सासऱ्याले सगळंच कायले सांगावं. मामाजी म्हणे, बरं. एवढंच म्हणे. त्या बऱ्यावर मी निश्चिंत झालो, तिथंच फसलो.

तिसऱ्या दिवशी साहेब आले, संगं बाईसाहेब. बाईसाहेब नागपूरच्या, डोळे असे की माणसाच्या खिशातलं दिसावं. सकाळी त्यांना गुफेकडं नेलं, मुद्दाम लांबच्या वाटेनं, म्हटलं जेवढा उशीर तेवढं वर पाणी. तेंदूची टेंभरं खाऊ घातली, गुफेत उलटी लटकलेली वाघळं दाखवली, अस्वलानं फोडलेलं वारूळ दाखवलं. दुपारी धबधब्याखाली आणलं. खडक वाळून पांढरा पडला होता, ती करंगळी बी नव्हती, कारण तिले तं मीच वर अडवून ठेवली होती.

साहेब खडकाकडं पाहून राहिले, मग माझ्याकडं पाहून राहिले. पाणी कुठंय दसरू?

मी म्हटलं, आहे जी, ते दुपारून येते.

बाईसाहेब म्हणाल्या, येते म्हणजे? कचेरीतून येते का?

मी हसलो. चहासाठी आणलेला रॉकेलचा रिकामा डबा घेतला अन् दगडानं बडवू लागलो, ढणाढण. साहेब म्हणाले, हे काय? मी म्हटलं, अस्वलं जी, आवाजानं दूर राहतात. साहेब म्हणाले, इथं अस्वलं येतात? आता हो म्हटलं तं साहेब टेसनकडं निघतात, नाई म्हटलं तं डबा ठेवावा लागते. मी म्हटलं, चांगली असतात जी इथली. पुन्हा बडवला. वरून काही नाई. पुन्हा बडवला. वर कोणी तरी हसल्यासारखं वाटलं, मी जोरानं खोकललो.

वर काय होऊन राहिलं होतं ते मागून समजलं. मामाजी एकटे आलेच नव्हते. बांध घातला म्हणजे मासोळी निघन, मग गाव कसा मागं राहीन, अर्धा गाव टोपल्या घेऊन नाल्यात उतरला होता. डबा मामाजीनं ऐकला, नाई असं नाई. पण त्यांचं म्हणणं असं, का बांधाखाली माणसं चिखलात वाकून आहेत, मासोळी अर्धी वेचायची आहे, आत्ता बांध फोडला तं मासोळी जाते वाहून, माणूस बी जाते, असा बांध बापजन्मात कोणी फोडला नाई. सगळे वेचून बाहेर निघाले, पाय धुतले, मगच त्यांनी बांधाले फावडं लावलं. बरोबरच केलं त्यांनी. मीच होतो बावळट, मामाजीले डबा शिकवायले गेलो.

इकडं मी डबा बडवून बडवून थकलो. साहेब कंटाळले. खालचा डोह वाळला होता, त्याच्यात बसायले साजरा सपाट दगड, सावली बी होती. बाईसाहेबानं तिथंच सतरंजी टाकली, पुऱ्या काढल्या, लोणचं काढलं. साहेबानं जोडे काढले, पाय पसरले. मी जवळ उभा, मनात म्हटलं, जाऊ दे, नाई येत पाणी तं नाई, निदान चारोळीवर तरी बंगला बांधतीन.

अन् पाणी आलं.

पांढरं नाई जी, काळं. चिखल, पाला, पळसाची पानं, एक फुटकी टोपली, सगळं वरून धाडकन. मी ओरडलो, बाईसाहेबाचा हात धरून काठावर ओढलं, साहेब स्वतःच उडी मारून आले, पण डोक्यापासून खालपर्यंत भिजून. सतरंजी गेली, पुऱ्या गेल्या, लोणच्याची बरणी डोहात गोल-गोल फिरून राहिली. साहेबाचा एक जोडा काठाले लागला, तो उचलला तं आत एक मासोळी, बोटाएवढी, जिवंत.

पाच मिनटं पाणी पडलं असन. मग कमी झालं, मग ठिपके, मग खडक.

बाईसाहेब जे हसल्या ते खाली बसूनच हसल्या. म्हणाल्या, आली हो तुमची दुपार.

साहेब हसले नाई. एका पायात जोडा घालून ते बाजूच्या वाटेनं वर चढले, मी मागं. वर मामाजी बसले होते फावड्याले टेकून, टोपल्या भरलेल्या, लोकं आग पेटवून मासोळ्या भाजून राहिले होते. साहेबानं विचारलं, हा बांध कोणाचा? आता मामाजीले काय माहीत. मोठ्या अभिमानानं म्हणे, माझा जी, दोन दिवसांचा आहे, या जावयानं म्हटलं म्हणून फोडला. साहेबानं विचारलं, बांध नसला तर पाणी किती असतं? मामाजीनं करंगळी दाखवली. मीही पाहिली ती करंगळी. त्या टायमाले मले ती तोडून टाकावीशी वाटली.

साहेब माझ्याकडं वळले. काऊन खोटं बोललास, असं नाई विचारलं त्यांनी, सरळ म्हणाले, चौकीदारी पाहिजे होती ना तुला? मी म्हटलं, हो जी. मग म्हणाले, अरे, बंगल्यातल्या माणसांना उन्हाळ्यात प्यायला पाणी तूच भरणार होतास. कुठून भरलं असतंस?

हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. चार महिने मी खाकी कपड्याचा विचार केला, बंगल्याच्या ओट्यावर खाट कुठं टाकायची त्याचा केला, पाणी भरायचा नाई केला. मी म्हटलं, नाई सांगता येत जी. साहेब म्हणाले, आज पहिल्यांदा खरं बोललास.

मामाजीनं पानावर भाजलेल्या मासोळ्या ठेवल्या. पुऱ्या तं वाहून गेल्याच होत्या. साहेबानं खाल्ल्या, बाईसाहेबानं जास्त खाल्ल्या. संध्याकाळच्या गाडीत मी बसवून दिलं. साहेबानं बॅग उचलू नाई दिली, स्वतः धरली, तेव्हाच मी समजलो.

बंगला पलीकडच्या गावाले झाला. तिथं विहिरीले बाराही महिने पाणी आहे, मी स्वतः जाऊन पाहून आलो, चौकीदारानं मले पेला भरून पाजलं. खाकी त्याले मोठी होते जरा खांद्यात. मामाजीनं पुढं दोन वर्षं माझ्याशी त्या गोष्टीवर बोलणं केलं नाई, फक्त मासोळी वाढताना म्हणायचे, घ्या जावईबापू, दुपारची आहे. बायको तं अजून तेच म्हणते.

आधी आमी मध्यप्रदेशात होतो, आता राज्य मुंबईचं, म्हणतात आणखी काही नवीन होऊन राहिलं, पण आमचा जिल्हा भंडाराच अन् बांध्या बी दोनच. माणसं येतात गाडीनं. चैत-वैशाखात कोणी उतरलं अन् झरना विचारला तं मी टेसनवरच सांगतो, खडक आहे, पाहायचा असन तं चला. काही उलट्या गाडीनं जातात. काही येतात तरी. खडकाखाली बसतात, वर पाहतात, अन् खरं सांगू, त्यांना मजाच येते, का येते ते मले नाई समजत.

तुमी बी चुकीच्याच महिन्यात आले. पोळ्याच्या मागंपुढं या, तोपर्यंत धानाच्या रोवणीतून मी मोकळा होतो. या, घरच्यांना आणा, तुमचं चांगलं होवो, फक्त जेवायले वरच्या खडकावर बसायचं, खाली नाई.