होय म्हाराजा, आणि फाटक बंद

सोमवारी सकाळी दहाची वेळ. तळेऱ्याच्या अलीकडचं एक गाव, देवराईच्या तोंडाशी लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप आणि बाहेर हौसाबाई रिकामी टोपली घेऊन उभी... आता मला सांगा, हिचं चुकलं काय?

राईतली पायवाट म्हणजे तिच्या काजूच्या बागेची एकुलती एक वाट. त्या वाटेवर एका कंपनीनं पर्यटकांसाठी घोडेस्वारी काढली. जंगलातून रपेट! आणि पाटी काय लावली? पायी जाणाऱ्यांना बंदी, घोडे बुजतात. अहो, घोडे बुजतात म्हणून माणसांनी घरी बसायचं? जन्म गेला माझा बातम्या लिहिण्यात, पण असलं शहाणपण... जाऊ दे.

तिथला मॅनेजर कौस्तुभ. कडक इस्त्री, मऊ आवाज. म्हणतो, "सर, गावाची संमती आहे. देवासमोर." आणि मोबाइलवर उद्घाटनाचा व्हिडिओ लावतो. देवळात गुणाजी गावकर गाऱ्हाणं घालतोय. तुम्हाला सांगतो, आमच्याकडे गावकर देवाला मागणं सांगत जातो आणि दर वाक्याला गाव म्हणतो, होय म्हाराजा. शब्द कोण ऐकतं हो? पावण्यांका यश दी रे म्हाराजा... होय म्हाराजा! त्यांचे घोडे सांभाळ रे म्हाराजा... होय म्हाराजा! आणि त्यातच मॅनेजरनं पढवलेलं वाक्य, ही वाट आजपासून घोड्यांका दिली रे म्हाराजा... होय म्हाराजा! सगळ्यांत खणखणीत आवाज पुढे बसलेल्या हौसाबाईचा. आता मला सांगा, हिचं चुकलं काय?

गुणाजीला गाठलं. तो म्हणाला, देवाला दिलेला शब्द फिरवायचा तर कौल लावायला हवा, कौलाला मानकऱ्यांनी अनवाणी चालत जायचं ही रीत, आणि देऊळ फाटकाच्या आत. म्हणजे झालंच! तहसील कचेरीत गेलो, तर साहेब म्हणाले, देवाच्या कारभारात आम्ही पडत नाही. कौस्तुभ तर दिलदार, आजींना घोड्यावरून बागेत सोडतो म्हणाला.

हौसाबाईनं रिकामी टोपली त्याच्यापुढे धरली. "आणि काजी काय घोडो वेचतलो?"

मी म्हटलं, आजी, फोडूया कुलूप, मी बातमी करतो. तर माझ्यावरच उखडली. "देवाक होय म्हटलंय मी. आता कुलूप फोडू खंयच्या तोंडान?"

बोला! मी काय छापू?

परवा उन्हाचा कडाका वाढला, पर्यटक मालवणच्या समुद्राकडे वळले. कंपनीनं घोडे टेम्पोत चढवले आणि बांद्यावरून गोव्याला नेले. कौस्तुभचा फोन बंद. आत काजू गळतायत, माकडं खातायत, देव पूजेविना बसलाय. वाट घोड्यांची, आणि घोडे गोव्यात. कुलूप मात्र जागच्या जागी, आणि किल्ली कुणाकडे आहे, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.