ओबीनं पुसलेली भिंत

ईशिता: पुसून टाकली, आई! अख्खी भिंत! दोन वाजता ओपनिंग आहे आणि तुझी ती मैत्रीण सकाळी येऊन ओल्या फडक्यानं सगळं धुऊन गेली.

सुलक्षणा: ओबियाजेली? स्वतःचं काम? दहा दिवस शिडीवर चढत होती ती, सत्तरीची बाई. उगाच नाही पुसणार.

ईशिता: मला काय माहीत! कम्युनिटी सेंटरची मॅनेजर मी आहे, कमिटी मला धरणार. आता तिथे नुसते जिराफ उभे आहेत.

सुलक्षणा: जिराफ? कुठले जिराफ?

ईशिता: ते... काल काढले.

सुलक्षणा: कुणी?

ईशिता: डेकोरेटरनं. कमिटी म्हणाली, चार काळ्या रेघा, एक निळा गोल, बाकी सगळं ब्लँक. लोकांना वाटेल काम अर्धं राहिलं. म्हणून रिकाम्या जागेत एक सूर्य आणि दोन जिराफ. ब्राइट, यू नो? आफ्रिकन.

सुलक्षणा: तिला विचारलंस?

ईशिता: वेळ कुठे होता?

सुलक्षणा: अगं, तिच्या गावात कुठले आलेत जिराफ? तिनं पहिला जिराफ पाहिला तो इथल्या झूमध्ये, आपल्याबरोबर!

ईशिता: दॅट्स नॉट द पॉइंट, आई.

सुलक्षणा: मग कुठला? ती जागा रिकामी राहिली नव्हती, तिनं मुद्दाम सोडली होती. तिच्याकडच्या, इग्बो समाजातल्या बायका पाऊस सरला की घराच्या भिंती मातीनं सारवायच्या आणि कोळसा, पांढरी माती, नीळ घेऊन त्यावर उली, म्हणजे रेघांची नक्षी, काढायच्या. रेघेभोवती मोकळं ठेवायचं, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. इथं परदेशात आली तर घरोघरी वॉलपेपर. इतक्या वर्षांत एक भिंत मिळाली नाही बाईला. मीच मागे लागले, आमच्या ईशूच्या सेंटरची घे म्हणून. नीळसुद्धा मीच आणून दिली.

ईशिता: मग माझ्याशी भांडायचं ना तिनं! ओरडायचं! माझ्याकडे बघितलं पण नाही. बादली उचलली आणि गेली.

सुलक्षणा: चौऱ्याहत्तर सालापासून ओळखते मी तिला. बत्तीस वर्षं. मुलांच्या वॉर्डात आम्ही दोघी नर्स. पोरांच्या प्लास्टरवर असल्याच रेघा काढायची. तुझा हात मोडला तेव्हा तुझ्याही.

ईशिता: माहितीये. ते कापताना मी डॉक्टरला चावलेली.

सुलक्षणा: आणि आता तिच्या रेघांत डेकोरेटर घुसवलास.

ईशिता: स्टॉप इट! मला कळलंय. मी मघाशी जिराफ पुसायला गेले. इमल्शनचा पक्का रंग आहे, निघतच नाही. नखं तुटली माझी. तिचं कसं एका फडक्यात गेलं, आणि हे... तू फोन कर ना तिला. प्लीज.

सुलक्षणा: मी नाही. तू कर.

(ईशिता नंबर फिरवते. बराच वेळ रिंग वाजते.)

ईशिता: ओबी आंटी? ईशिता बोलतेय... नाही, ओपनिंगसाठी नाही... मी तुम्हाला विचारायला हवं होतं. आय ॲम सो सॉरी... हो. हो, आंटी... ओके.

सुलक्षणा: काय म्हणाली?

ईशिता: खांदे दुखतायत म्हणाली. चहा पितेय म्हणाली. आणि ठेवला.

सुलक्षणा: रागावली?

ईशिता: नाही ना! रागावली असती तर बरं झालं असतं.

सुलक्षणा: माझा कोट दे. मी चालले तिच्याकडे.

ईशिता: थांब, मी पण येते.

सुलक्षणा: आणि तुझं उद्घाटन?

ईशिता: दोन तास आहेत. परत येईन, दार उघडेन. कुणी भिंतीबद्दल विचारलं तर जे झालं ते सांगेन. कमिटीला पण.

सुलक्षणा: बघ हं. जमेल?

ईशिता: नाही माहीत. आई, ती दार उघडेल का?

सुलक्षणा: मला उघडेल. तू माझ्या मागे उभी राहा.